मागच्या दाराचं रबर

ही गोष्ट खरी आहे. मनाने रचली असती, तर तिच्यात मी जरा बरा माणूस निघालो असतो.

साल १९६३, नोव्हेंबर. वेल्समधलं आमचं त्रेलन गाव. आणि मी जे ऐकलं, ती वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे तीन वाजले होते.

माझी आणि मॉस्टिनची गाड्यांची शेड होती. लोक सलून, म्हणजे मागे डिकी असलेल्या गाड्या आणायचे. आम्ही मागची डिकी कापायचो, छप्पर शेवटापर्यंत लांबवायचो, मागे उभं दार बसवायचो. झाली एस्टेट, म्हणजे सामानाची लांब गाडी. मग तिच्यात मेंढ्याही मावत आणि पलंगही.

त्या ऑक्टोबरात आमच्या चॅपलचे पाळक इस्लविन बेवन यांनी त्यांची काळी सलून आणली. त्यांना पायपेटी घेऊन डोंगरातल्या लहान लहान चॅपलांत जायचं होतं.

त्यांचं प्रवचन तुम्ही ऐकायला हवं होतं. घरच्यासारखं बोलत सुरुवात करायचे. मग आवाज चढायचा, सूर धरायचा, आणि बोलणं संपून गाणं कधी लागलं ते कळायचंही नाही. खाणीतले दणकट गडी रुमाल काढायचे. मीही काढायचो.

गाडी शनिवारी द्यायची होती. हाताने केलेल्या दाराला तयार रबर मिळत नाही. पट्टी कापून चिकटवायची आणि दार रात्रभर बंद ठेवायचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तीन बाजू झाल्या. खालची, धुराच्या नळीकडची, राहिली.

आणि सहा वाजता त्यांचंच प्रवचन होतं.

मॉस्टिन म्हणाला, "स्वर्गात जायची घाई तुला, आणि रबर लावायचं कुणी? मी रंगारी आहे."

सोमवारी लावू, म्हटलं. पाळकसाहेबांना सांगितलं, गाडी तयार आहे, सोमवारी एकदा दाखवून जा.

सोमवारी ते आले नाहीत. मीही पुन्हा बोलावलं नाही. बोलावायचं म्हणजे कबूल करायचं. एकदा चॅपलबाहेर ते म्हणाले, गाडीत बसलं की डोकं चढतं. झोप कमी होत असेल, असं मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी डोंगरात गारांनी झोडपलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बसले.

तसेच सापडले.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी शवपेटीला खांदा दिला.

रबराचं कुणालाच सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी त्यांची बायको नेस्टा गाडी घेऊन शेडमध्ये आली. म्हणाली, गाडीत आवाज येतो.

"कसला?"

"त्यांचा." ब्रेकची तक्रार करावी इतक्या साधेपणाने तिने सांगितलं. "सूर लागतो, ग्रिफ, आणि मध्येच तुटतो. कशाने तुटतो, तेवढं बघून दे बाबा."

ती गेल्यावर मॉस्टिन पुटपुटला, वारा असेल, फटीतून. कुठल्या फटीतून, ते मला विचारावं लागलं नाही. मग तोही बाहेर गेला.

मी गाडीत बसलो. इंजिन बंद. शेडची दारं लावलेली. वाऱ्याची झुळूक नाही.

आधी काहीच नाही...

मग डोक्यावरचा पत्रा थरथरला. हात लावला तरच कळावं, इतका.

आणि मग... सूर.

शब्द लागत नव्हते. पण तो चढ मला पाठ होता. खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी मला आनंद झाला. त्याची लाज आजही जात नाही.

सूर वर गेला. आणखी वर. डोळे भरून आले. आता तो शेवटचा टप्पा...

खोकला.

एकच. मग दुसरा, दमलेला.

मग काही नाही.

मी धडपडत बाहेर पडलो. मागच्या दाराच्या खालच्या कडेला धुराची काळी रेघ उमटली होती. ती बाहीनेच पुसली. पट्टी कापली, चिकटवली, आणि दार बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेस्टा गाडी घेऊन गेली. अर्ध्या तासात परत आली. काच खाली केली.

"आवाजच गेला की रे," ती म्हणाली. "काय केलंस तू?"

मॉस्टिन ब्रश धुवायचा थांबला.

"मागच्या दाराला रबर बसवलं, नेस्टाबाई. खालच्या बाजूला."

"जुनं झिजलं होतं?"

जेमतेम सव्वा महिन्याचं काम. तिने नुसता हिशोब केला असता तरी कळलं असतं. पण तिचा माझ्यावर विश्वास होता.

"हो," मी म्हणालो.

तिने मान वळवून त्या लांब छपराकडे पाहिलं. मग म्हणाली, तुझा काय दोष, तू तुझं काम केलंस. आणि गेली. ती वारेपर्यंत मी तिला काही सांगू शकलो नाही.

तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तो अडला होता, आणि मी त्याला पुरता बुजवला.

अजून दर रविवारी चॅपलला जातो. पाळक नवे आहेत, गळा गोड आहे. त्यांचा सूर चढू लागला की मी उठून बाहेर पडतो.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला भक्तीने रडू आवरत नाही.