फुलदाणी नसलेलं टेबल

सत्य शेवटी समोर येतंच, यावर मनस्विनी काटेचा अढळ विश्वास होता. घरमालकानं तिच्या पाटीपुढं पाण्याची टाकी बसवल्यापासून मात्र 'खासगी तपास' ही अक्षरं कुणालाच दिसत नव्हती. अशील आधी खालच्या शिंप्याकडं जात आणि मापं देऊन झाल्यावर वर येत.

लातूरला आगगाडीनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मधुसूदन धानोरकरही शिंप्याकडूनच वर आले. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. शहागंजच्या बद्रीनाथच्या केबल वाहिनीवर ते रोज संध्याकाळी 'सुभाषित-संध्या' सादर करत.

"माझा कार्यक्रम कुणीही पाहत नाही," ते म्हणाले. "शेवटची काही मिनिटं प्रेक्षकांच्या फोनसाठी असतात. दोन वर्षांत एकच फोन आला. राँग नंबर होता."

"मग बंद होईल."

"तेच तर होत नाही! गाण्याची स्पर्धा बंद केली. पाककृती बंद केल्या. त्यांना तर फोन आवरत नव्हते. आणि मला तिसऱ्या वर्षाची मुदतवाढ दिली. ही दया कुणाची, एवढंच शोधून द्या."

"दयाच निघाली तर?"

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तर पुण्याला मुलाकडं. कालिंदी, माझी पत्नी, कधीची वाट बघतेय. नात तिकडं आहे. इथं माझे श्रोते आहेत म्हणून मीच अडून बसलोय. एक जरी खरा श्रोता असला तरी राहीन. दयेवर राहणार नाही."

कोपऱ्यातून नानासाहेब उठले. हे मनस्विनीचे मामा. सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर भाचीला तपासात मदत करत. मदत होई असं नाही.

"गुरुजी, आहे की श्रोता! मी बघतो रोज. एक दिवस चुकवत नाय."

गुरुजींचा चेहरा उजळला. "काल मी कशावर बोललो?"

नानांनी डोळे मिटले, उघडले. "झब्बा निळा होता."



"तुमचा कार्यक्रम लागला की मी चष्मा लावूनच बसतो," नानांनी पुरावा जोडला.

मनस्विनीनं मामांकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं, "गुरुजी, तुम्ही स्वतः कधी पाहिलाय?"

"कसा पाहणार? शहराबाहेर, सातारा भागातल्या नव्या इमारतीत राहतो. तिथं अजून ना बद्रीनाथची केबल पोचली, ना नळाचं पाणी. एक डिश आहे आणि एक टँकर."

"आणि चित्रीकरण कोण करतं?"

"हिमांशू. माझाच विद्यार्थी. पहिल्याच महिन्यात त्यानं टेबलावरची माझी फुलदाणी उचलली. म्हणाला, सर, खाली काही नको."

हिमांशू स्टुडिओत पंख्याखाली उभा होता. पंखा बंद होता.

"ही तुमची गुरुदक्षिणा का?" मनस्विनीनं विचारलं.

"मॅडम, माझ्या शब्दावर इथं हा पंखा चालू होत नाही. कार्यक्रम कुठून चालू ठेवू?"

तिनं कॅमेऱ्यातून पाहिलं. गुरुजींची खुर्ची चौकटीत पार वर होती. खाली नुसतं टेबल.

"एवढं रिकामं टेबल कशाला?"

"मालकांची ऑर्डर," हिमांशू म्हणाला आणि केबल गुंडाळू लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

मालक बद्रीनाथ आतल्या खोलीत बशीनं चहा पीत होते.

"गाण्याच्या स्पर्धेत पोरं लई उड्या मारायची, ताई. वर रंग, खाली रंग. कुनाला काय दिसनार? गुरुजी कसे, बसले की बसले. सोन्यासारखा मानूस."

"पण त्यांना कुणी पाहत नाही म्हणे."

"कोन म्हनतं? गेल्या महिन्यात त्यांच्या टायमाला एका पुढाऱ्याचं भाषण लावलं. बाया हंडे घेऊन जिना चढून आल्या! त्यातल्या भागूबाईनं माझ्या टेबलावर हंडा आपटला. हा बघा पोचा."

"सुभाषितासाठी?"

बद्रीनाथनी बशी खाली ठेवली. "गुरुजींनी मला बी शिकवलंय. नापास केलं, ती बात अलग. जास्त खोदू नका, ताई."

जिन्यात नाना भारावून म्हणाले, "मनू, बायांना संस्कृतची काय ही ओढ!"

गुरुजींच्या फ्लॅटमध्ये कालिंदीबाईंनी अर्धा-अर्धा पेला पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात यालाच पाहुणचार म्हणत.

"मी कशाला शब्द टाकू बद्रीनाथकडं?" त्या म्हणाल्या. "कार्यक्रम बंद पडला तर मी उद्या पुण्याला. नात चालायला लागली, ती मी फोनवर पाहिली."

"तुम्ही कार्यक्रम पाहता?"

"शहागंजला बहिणीकडं गेले की. कालच गेले होते. टीव्हीपुढं गल्लीतल्या बायका जमतात. अगदी शांत असतात."

"एकाग्रता!" नाना म्हणाले.

कालिंदीबाईंनी रिकामे पेले उचलले. पाहुणे निघाले तेव्हा म्हणाल्या, "नानासाहेब, तुम्ही गुलमंडीला ना? आज दुपारनंतर तुमच्याकडं पाणी आहे. पिंप धुऊन ठेवा."

मनस्विनी दारातच थांबली. मग चपला घालून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सगळे तिच्या ऑफिसात जमले. हिमांशू उभा राहिला, कारण खुर्च्या पाचच होत्या.

"मामा," मनस्विनी म्हणाली, "ऐकायला चष्मा कशाला लागतो?"

 नानांचे कान लाल झाले.

"कालिंदीताईंच्या घरी नळ नाही. तरी गुलमंडीला पाणी कधी, हे त्यांना माहीत. ते त्यांना बहिणीच्या टीव्हीवर कळलं. गुरुजींच्या टेबलावर फुलदाणी चालत नाही, कारण पडद्यावर त्या जागी अक्षरांची पट्टी धावते: कुठल्या गल्लीत कधी पाणी. पालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा पुंजाराम संध्याकाळी बद्रीनाथना फोनवर वेळा सांगतो. गाण्याच्या स्पर्धेत खाली इतके रंग नाचत की पट्टी वाचता येईना. ती चुकली की बाया हंडे घेऊन येतात. म्हणून फोन येणारे कार्यक्रम गेले आणि न हलणारा माणूस राहिला. गुरुजी, तुम्हाला अख्खं शहर पाहतं. आवाज बंद करून."

बद्रीनाथ जमिनीकडं बघत होते. "त्याच पट्टीत टँकरवाल्यांच्या जाहिराती हायेत, गुरुजी. दया नाय हो. धंदा हाय."

गुरुजींनी टोपीची घडी घातली, मोडली, परत घातली. "कालिंदी, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून."

"एक शब्द बोलली असतीस, तर आज नातीजवळ असतीस."

"असते."

"मग?"

"संध्याकाळचा श्लोक तुम्ही सकाळीच मला म्हणून दाखवता," त्या म्हणाल्या. "म्हणताना केवढे खूश असता. कसं सांगणार होते?"

खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत राहिला. नानांनी चष्मा पुसायला काढला, तो बराच वेळ पुसला.

"म्हणजे एक श्रोता होता," गुरुजी शेवटी म्हणाले. "आणि बाकीच्यांचे हंडे भरत होते. पट्टी मध्येच सोडून कसं जायचं? नळाला रोज पाणी येऊ लागलं की पट्टी लागणार नाही. त्या दिवशी पुण्याला जाऊ."

"यंदा पाऊस चांगला आहे म्हणतात," कालिंदीबाई म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी बॅग भरली. नातीसाठी घेतलेले फ्रॉक वर ठेवले, चुरगळू नयेत म्हणून.

त्या वर्षीच्या पावसानं धरण भरलं नाही. पुढच्या वर्षी भरलं. पैठणला धरणाचे दरवाजे उघडले, लोक जेवणाचे डबे घेऊन सहकुटुंब बघायला गेले, पेढे वाटले. नाना दोनदा गेले.

धरणापासून शहरापर्यंतचा पाइप जुनाच होता. पाणी पूर्वीसारखंच आठवड्यातून एकदा येत राहिलं. कार्यक्रमाला आणखी एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. नातीला ते फ्रॉक आता होत नाहीत.