रबरी फुगा कोणी दाबला?

ही गोष्ट खोटी ठरली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. पण तो फुगा मी याच हातांनी दाबला आहे, त्यामुळे ती खोटी नाही.

मागच्या पावसाळ्यात, भाताची रोवणी चालू होती तेव्हा मी मूल गावाहून माझ्या बहिणीकडे गेलो होतो. दिव्याताई अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे.

भरदुपारी जंगू नावाचा माणूस बायकोला खांद्यावर टाकून आला.

“सकाळपासून पोट दुखून राह्यलं म्हने. आता डोळेच उघडत नाई, मॅडम.”

रोवणीने थकलेली सुकरी रात्री जमिनीवरच झोपली होती. अंगावर चावल्याची खूण कुठेच नव्हती.

ताईने तिच्या जड पापण्या पाहिल्या.

“मण्यार.”

सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं, पण थोड्याच वेळात श्वास थांबला. नाल्यावरून पाणी वाहत होतं, ॲम्ब्युलन्स पलीकडे अडकलेली. ताईने सुकरीच्या तोंडावर मास्क बसवला आणि त्याला जोडलेला रबरी फुगा माझ्या हातात दिला.

“दाबत राहा, मिथुन. तू थांबलास की ती गेली.”

फुस्स... फुस्स...

दिवस कलला. माझ्या हातांना गोळे आले.

ताईने बॅटरी डोळ्यांवर मारली. बाहुल्या हलल्या नाहीत. नाडीही लागेना.

“गेली रे,” ती म्हणाली आणि जंगूला सांगायला बाहेर गेली.

मी मास्क काढून स्टुलावर ठेवला. तोंडातून निघून गेलं, “सुटलो बुवा!”

मी पाठ फिरवली...

फुस्स...

खोलीत कोणीच नव्हतं.

मास्क सुकरीच्या तोंडावर होता. फुगा आपोआप आत दबत होता... सुटत होता... आणि तिची छाती वर येत होती.

मी बोंब मारली. ताई धावत आली, गळ्याशी बोटं लावली. नाडी होती! मग ॲम्ब्युलन्स येईपर्यंत फुगा तिनेच दाबला, मला हात लावू दिला नाही.

सुकरी वाचली.

पोळ्याच्या सुमारास ती आम्हाला अहेरीच्या बाजारात भेटली. आता ही आपले पाय धरणार, म्हणून मी मनातून फुगलो होतो. ती हसलीसुद्धा नाही.

“भाऊ, मले सारं आयकू येत होतं. डोळे तेवढे उघडत नोते. मॅडम म्हनल्या, गेली. तुमी म्हनले, सुटलो.”

लाजेने मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“मग... फुगा कोणी दाबला?”

“सासूनं. तिचे हात मी वळखत नाई का? म्हने, पोरी, माह्या वक्ती कोनी दाबलाच नाई.”

ताईचा चेहरा उतरला.

सुकरीची सासू, बायनाबाई, त्याआधीच्या रोवणीत पोटदुखी घेऊनच आली होती. त्याच खाटेवर. ताईने तिच्याही बाहुल्या पाहिल्या होत्या. त्याच दिवशी तिची माती झाली.

परतताना ताई खाली बघून म्हणाली, “मण्यारीच्या विषाने बाहुल्या थिजतात रे. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण आत जागा असतो. श्वास देत राहायचं, एवढंच करायचं असतं. हे मी शिकले होते. तरी दोनदा चुकले.”

ती खोली रिकामी असली की अजूनही कधीतरी आवाज येतो, असं ती सांगते.

फुस्स...

त्या बाजारानंतर मी तिकडे पुन्हा गेलो नाही.

बायनाबाईवर माती लोटली, तेव्हा तिलाही सगळं ऐकू येत होतं का? हे ताईला विचारायची माझी हिंमत नाही. मी तर सुटलो म्हणणारा माणूस.