राविरी अंकलची काळी तार

ही घटना माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. आणि ही रात्रीची गोष्ट नाही, भर दुपारची आहे.

मी तुरेई. तोकोमारू बे गावात गाड्यांचं वायरिंग करतो. या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, हारियाता आंटीचा फोन आला.

"तू बसवलेलं मीटर खोटं बोलतंय रे. बॅटरी ऐंशी टक्के दाखवतंय आणि फ्रिज बंद पडलाय."

तिचा नवरा, राविरी अंकल, वारल्यापासून आंटी घर सोडून किनाऱ्यावर त्यांच्या कॅम्परव्हॅनमध्येच राहायची. तिचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये. दोनदा सगळं गरम होऊन फेकावं लागलं होतं. मी हातातलं काम टाकून निघालो.

दुपारचे दोन.

बॅटरी तपासली. बॅटरीत दोष नव्हता, पण चार्ज जवळजवळ संपलेला. मीटर मात्र ऐंशीवर.

अशा वेळी चूक बहुतेक एकच असते. बॅटरीच्या मायनसला एक पट्टी जोडलेली असते. वीज त्या पट्टीतून गेली, तरच मीटर ती मोजतं. कुणीतरी एखादी तार पट्टी टाळून थेट बॅटरीला जोडतं, आणि त्या तारेतून गेलेली वीज मीटरला कळतच नाही.

तार सापडली. काळी, जाड. अंकलचीच कारागिरी.

"त्याच्या श्वासाच्या मशीनची आहे ती," आंटी म्हणाली. "झोपताना नाकाला लावायचा. मशीन कधीच परत केलं."

मी तार पलंगापर्यंत तपासली. टोकाला नुसती चिकटपट्टी.

तरी ती काढून पट्टीच्या पलीकडे नीट जोडली. फ्रिज, दिवे, पंप... सगळं बंद केलं. आता मीटरवर किती वीज जातेय तो आकडा शून्य हवा.

शून्य आलं.

मग... तीन.

मग शून्य.

मग पुन्हा... तीन.

आकडा सावकाश चढत होता, सावकाश उतरत होता. झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो तसा.

तार काढली. शून्य. पुन्हा लावली... तीन.

मी आंटीकडे वळलो.

"आंटी, व्हॅनमध्ये पाणी शिंपडलं होतं ना?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या राहत्या जागेत प्रार्थना करून पाणी शिंपडतात. म्हणजे तो मोकळा होतो. घरात केलं होतं, तेव्हा मी हजर होतो.

आंटी आकड्याकडे बघत होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"जेवला की दोनला आडवा व्हायचा मेला," ती म्हणाली. "पाणीबिणी काही नको. त्याला वेगळी बॅटरी दे."

"आंटी, असं कसं?"

"चाळीस वर्षं घोरणं ऐकलंय. नुसत्या आकड्याचा काय त्रास?"

मी हसलो आणि तिचं ऐकलं. त्याचं आज फार वाईट वाटतं. दुसरी बॅटरी बसवली, तिला वेगळं मीटर लावलं, काळी तार तिला जोडली.

आठवडाभर सगळं सुरळीत होतं.

मग एका दुपारी सहज बघायला गेलो. आंटी पलंगावर पडली होती.

अंकलची बॅटरी... शंभर टक्के. अजिबात वापरलेली नाही.

आंटीची... चार टक्के.

आणि तिच्या मीटरवर... शून्य. तीन. शून्य. तीन.

त्या बॅटरीला काळी तार जोडलेलीच नव्हती.

मी फ्रिज उघडला. आत कोमट हवा. इन्सुलिनचं एकही खोकं नाही.

"आंटी, औषध कुठंय?"

तिने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते.

"बंद केलं. राविरी म्हणाला, आता कशाला लागतंय तुला?"

मी तिला उचललं आणि थेट दवाखाना गाठला. जीव वाचला. व्हॅनमध्ये त्याच दिवशी पाणी शिंपडून घेतलं, दोन्ही बॅटऱ्या काढून टाकल्या.

आंटी आता माझ्या घरी असते. इन्सुलिन मी स्वतः देतो. पण दोन वाजले की ती आडवी होते, भिंतीकडे सरकते आणि शेजारी एका माणसाची जागा सोडते.

काल दुपारी तिच्या खोलीतला पंखा मंदावला... मग वाढला... मग मंदावला.

वायरिंग माझंच आहे. उघडून बघायला हवं. पण अजून धीर होत नाही.