पाच मिनिटं माग बंद

"ओढू नका! ती टेप ओढू नका!"

मागून कुणीतरी एवढ्यानं ओरडलं, की दुरुस्तीवाल्या भरमूअण्णांचा हात हवेतच राहिला. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, एका भजनाच्या कॅसेटची डबी फुटली होती, म्हणून मी शहापुरात आले होते. आप्पांचीच आणखी एक कॅसेट मी सोबत नेली होती; अण्णांनी ती लावून बघितली आणि म्हणाले, "ही दुसरी नुसती किरकिरतीया, वाया गेलीया. हिच्या डबीत भजन बसवतो." आणि मी शहाणी — हो म्हणाले होते!

मी वळले. उंच, सावळा, भुवयांवर कापसाचे पांढरे कण... मागावरून थेट उठून आल्यासारखा.

"ते गाणं न्हाय, कॉम्प्युटरचा गेम हाय. पयलं कॅसेटवरच असायचे, असेच किरकिरायचे," तो म्हणाला. "घरात रबराच्या बटणांचा कॉम्प्युटर हुता का?"

माझे डोळेच भरून आले. होता. मी चार वर्षांची असताना आप्पांनी त्यावर माझ्यासाठी एक खेळ लिहिला होता. कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, गेल्या वर्षी आप्पाही गेले. त्या खेळाची जगातली एकुलती प्रत मी आत्ता फेकायला निघाले होते.

"तसलाच हाय आमच्यात. काकाचा. अजून चालतोय," तो म्हणाला. "मी स्वरूप."

रविवारी मी वडगावला त्यांच्या घरी गेले. खाली चार माग खडखडत होते, वरच्या खोलीत आम्ही दोघं. कॅसेटवरून गेम कॉम्प्युटरमध्ये चढायला पाच मिनिटं लागायची; दोनदा लावला, दोन्ही वेळा अर्ध्यातच बंद पडला. टेप मात्र धड होती.

"मागामुळं लाइट कमी-जास्त होतीया," म्हणत तो जिन्यात गेला. "आई! पाच मिनिटं माग बंद कर गं!"

"अमावास्या हाय व्हय रं आज?" त्याची आई, इंदुताई, खालून ओरडल्या. त्यांच्याकडे माग थांबतो तो फक्त अमावास्येला. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "बरं... कळलं मला!"

स्वरूप लाजला. कानापर्यंत!

माग थांबले. सगळं घर गप्प झालं. कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीवर रंगीत पट्टे धावू लागले.

"आता हलायचं न्हाय," तो कुजबुजला.

"आप्पा अगदी हेच म्हणायचे."

"मग ऐका की."

"ऐकतेय... पण तुमच्या भुवईवर कापूस आहे."

"ऱ्हाऊ दे. हलायचं न्हाय."

मी तरी तो बोटानं टिपलाच. तो मात्र खरंच हलला नाही. श्वासही घेतला नसावा!

आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं — 'माधू, हरलीस तरी रडायचं नाही. परत खेळ.'

मी रडले. पोटभर रडले. स्वरूपनं रुमाल पुढे केला. मग आम्ही खेळलो, आप्पांच्या चौकोनी उंदरानं शेंगा वेचल्या, आणि तीनदा मी हरले. आप्पा मला परत मिळाले होते, या माणसामुळे. याचे आभार कसे मानायचे, ते काही केल्या सुचेना.

"झालं का रं?" खालून हाक आली. "लावू माग?"

स्वरूप उठला. "आता... परत कधी येणार तुमी?" त्यानं जमिनीकडे बघत विचारलं.

मी हात लांब केला आणि कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. पडदा काळा.

"अवो! काय केलंत हे? आता परत पयल्यापास्नं... पाच मिनिटं!"

"असू दे," मी म्हणाले. "बसा इथं. हलायचं नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग जिन्याकडे तोंड करून ओरडला, "आई... आज अमावास्याच धर गं!"