अजून स्टेशन आलं नाही

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खाली कॉमेंटमध्ये दात काढू नका. जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी आतेबहीण आहे.

तिचं नाव अस्मिता. मी कुवेतमध्ये फहाहीलला राहते, ती तिथेच खैतानला राहायची. नवरा आलोक एका कंपनीत अकाउंट्सला. ज्ञानदा ही त्यांची एकुलती एक, दहा वर्षांची मुलगी. मूळचे लातूरचे. आलोक म्हणजे जिथे जाईल तिथे हसवणारा माणूस.

फेब्रुवारीच्या शेवटी इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते. निम्मं कुवेत बाहेर पडतं. त्या वर्षी आलोकच्या ऑफिसातल्या चौघांनी जॉर्जियाला जायचं ठरवलं. तिबिलिसीत एक रात्र, मग सकाळच्या रेल्वेने डोंगराकडे, आणि दोन दिवस बर्फात स्कीइंग. चौघांपैकी एकालाही साधं स्केटिंग येत नव्हतं.

"पडलो तर बर्फातच पडेन की," आलोक म्हणाला. "डांबरावर तर पडणार नाही ना?"

शुक्रवार होता. सकाळची वेळ. अस्मिता ज्ञानदाच्या शाळेचे कपडे इस्त्री करत होती.

फोन वाजला. आलोकचा.

"गाडी सुटली गं!"

मागे आवाज येत होता... खडक्-खडक्, खडक्-खडक्.

कुवेतमध्ये रेल्वे नाही. रूळच नाहीत. कित्येक महिन्यांनी तो आवाज ऐकून अस्मिताला उलट बरंच वाटलं.

"मुकेश आणि बाकीचे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"असतील पुढच्या डब्यात. इथे कोणीच नाही. खिडकीबाहेर नुसता बर्फ आहे बघ."

"जपून जा. डबा खाल्लास का?"

"तुझे धपाटे मुकेशच्या बॅगेत राहिले."

एवढंच बोलणं झालं. तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली.

तासाभराने पुन्हा फोन आला. या वेळी मुकेशचा. हा आलोकच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, इंदूरचा मुलगा.

"भाभी... आलोक की तबियत थोड़ी... आप किसी को घर पे बुला लो."

अस्मिता समजून चुकली. परदेशात राहणाऱ्या कुणालाही ही भाषा कळते. आपल्यात वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. तिचे वडील गेले तेव्हा आलोकने तिला "दवाखान्यात आहेत, भेटून ये" एवढंच सांगून विमानात बसवलं होतं. खरं काय ते दारातल्या चपला बघून कळलं.

तिने इस्त्रीचा प्लग काढला आणि मला फोन केला.

आलोक हॉटेलच्या खोलीत गेला होता. झोपेतच, हार्ट अटॅकने. बाकीचे तिघे खाली बॅगा घेऊन त्याची वाट बघत बसले होते. शेवटी दार उघडून घ्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पहाटेच्या आधीच सगळं संपलं होतं.

ती गाडी चौघांपैकी कोणीच पकडली नाही.

आणि अस्मिताला फोन आला होता तो सकाळी, चांगला उजेड झाल्यावर.

हे तिने तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. मलासुद्धा नाही. पार्थिव हैदराबादला आणलं, तिथून लातूर. सासूबाईंनाही आधी "आलोकला बरं नाही" असंच कळवलं होतं. अस्मिता सगळ्यांत उभी होती, पण रडली नाही. बायका कुजबुजल्या, "दगड झालीय." दगड नाही हो. बधीर झाली होती. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंग वाटत होतं.

मार्चमध्ये मायलेकी कुवेतला परत आल्या. ज्ञानदाची परीक्षा होती, ऑफिसचा हिशेब व्हायचा होता. कंपनीने इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, उन्हाळ्यापर्यंत वाढवून घेतला.

आल्यानंतरचा पहिला शुक्रवार. दुपार. जुम्म्याची नमाज नुकतीच संपली होती. गल्लीत शुकशुकाट.

फोन वाजला.

स्क्रीनवर नाव होतं... आलोक.

आलोकचा फोन मुकेशने सामानाबरोबर आणून दिला होता. तो कपाटात होता, तिच्या साड्यांखाली. बंद.

तिने आपला फोन उचलला.

खडक्-खडक्, खडक्-खडक्...

"अगं, अजून पोचलो नाही," आलोक म्हणाला. "काय की कसली गाडी आहे. स्टेशनच येईना."

तुम्ही किंचाळला असता. मीही किंचाळले असते. अस्मिता म्हणाली, "येईल. तू बस निवांत."

बोलता बोलता तिने कपाट उघडलं. साड्या बाजूला केल्या. फोन तिथेच होता, काळाठिक्कर, हाताला गार लागणारा.

"डब्यात कोणी आलं का?"

"कोणीच नाही. चहावालापण नाही. बरंय, भूकच लागत नाही."

तिने कपाट लावून घेतलं. बोलणं आपोआप तुटलं.

मग त्याचा फोन दर शुक्रवारी येऊ लागला. जुम्म्यानंतर, गल्ली शांत असताना. अस्मिता स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. तो खिडकीबाहेरचं सांगायचा. काय सांगणार? बर्फ. झाड नाही, घर नाही, दिव्याचा खांब नाही. ती त्याला ज्ञानदाचे मार्क सांगायची, भाजीचे भाव सांगायची. त्याला काय झालंय ते तेवढं सांगायची नाही.

फोनवर कसं सांगणार?

मला हे सांगताना ती म्हणाली, "लाज वाटते गं, पण मला शुक्रवारची ओढ लागायची. मी न्हाऊन, चांगला ड्रेस घालून बसायचे. आठवडाभरात तेवढाच वेळ मी जिवंत असायचे."

फक्त एक होतं. आलोकचे विनोद कमी होत चालले होते.

"हात बधीर झालेत गं," तो एकदा म्हणाला. पुढच्या शुक्रवारी म्हणाला, "पायपण."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी बराच वेळ नुसता चाकांचा आवाज येत राहिला. मग त्याने विचारलं, "अस्मिता, मला घ्यायला कोणी येणारे का?"

ती म्हणाली, "येतील." आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला भीती वाटली.

जूनमध्ये कंपनीचा मंदूब यूसुफ घरी आला. मंदूब म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस. हा रत्नागिरीकडचा, आलोकला फार मानायचा. पाणी पिऊन झालं तरी ग्लास खाली ठेवेना.

"भाभी, तिकिटं झाली. आता साहेबांच्या नावावरची मोबाईलची लाईन तेवढी ऱ्हायली. ती बंद केल्याबिगर कागद पुढं सरकत नाय. रविवारी करतो."

"नाही केली तर?"

"केलीच पायजे, भाभी. नाव ऱ्हायलं तर अडकून पडतं सगळं."

 अस्मिताने विचारलं, "यूसुफभाई, एखाद्याला एखादी वाईट गोष्ट माहीतच नसेल, तर ती सांगावी का?"

त्याला वाटलं, ती गावाकडच्या कुणा म्हाताऱ्या नातेवाइकाबद्दल विचारतेय.

"सांगावी. पण फोनावर नको, भाभी. समोर जाऊन सांगावी."

समोर जाऊन. तो गेल्यावर ती त्या दोन शब्दांवर विचार करत बसून राहिली. स्वयंपाक करायचंही विसरली. ज्ञानदाने ब्रेड खाल्ला.

शेवटचा शुक्रवार उजाडला. बाहेर ऊन आग ओकत होतं, पन्नास अंशांच्या आसपास. खालच्या मजल्यावरची अंजू ज्ञानदाला आपल्या मुलीच्या वाढदिवसाला मॉलमध्ये घेऊन गेली होती. अस्मिताला ते बरंच वाटलं. आज वेळ लागणार होता. सांगायचं की नाही, ते अजून ठरत नव्हतं. सांगितलं तर त्याचं काय होईल? आणि नाही सांगितलं, तर रविवारनंतर तो त्या गाडीत एकटा किती दिवस बसून राहील?

फोन वाजला.

खडक्-खडक्, खडक्-खडक्...

आलोकचा आवाज पहिल्यासारखा होता. हसरा.

"बरं केलंस पाठवलंस ते! मला वाटलं, मला सगळे विसरले."

"कोणाला पाठवलं?"

"कोणाला म्हणजे? ज्ञानदाला. ही काय, आत्ताच चढली. अंगात नुसता पातळ फ्रॉक. बर्फात असं पाठवतात होय पोरीला?"



आणि मग मागून, चाकांच्या आवाजातून... "बाबा, आय वॉन्ट द विंडो सीट!"

आवाज ज्ञानदाचाच होता. आईला चुकत नाही.

"आलोक, तिला खाली उतरव."

"अगं, गाडी चालू आहे. कशी उतरवू?"

"उतरव तिला! आत्ताच्या आत्ता!"

"काय झालंय तुला? येऊ दे की. दोन दिवस बर्फात खेळेल..."

अंजूला फोन करायचा तर हा ठेवावा लागणार होता. आणि हा ठेवला तर पुन्हा लागला नसता. अस्मिता ओट्याला धरून उभी होती. एवढ्या महिन्यांत जे अंग आपलं वाटत नव्हतं, ते एकदम आपलं झालं. सगळीकडून दुखायला लागलं.

"आलोक," ती म्हणाली, "तू गेलास रे. फेब्रुवारीतच गेलास. हॉटेलात, झोपेत. तू गाडीत बसलाच नाहीस."

खडक्-खडक्... खडक्-खडक्...

"मग ही गाडी कसली?"

"मला माहीत नाही. पण ज्ञानदा जिवंत आहे. तिला उतरव."

 तो अगदी हळू म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस गं?"

 ती ढसाढसा रडत होती. चार महिन्यांचं सगळं एकदम.

ब्रेकचा आवाज आला... लांबलचक, कानात जाणारा.

मग दार सरकल्याचा.

मग वारा. नुसता वारा.

मग तोही थांबला.

तिने अंजूला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. ती अनवाणीच जिना उतरून रस्त्यावर आली. फरशी चटके देत होती. तेवढ्यात अंजूचाच फोन आला. ती रडत होती.

"अस्मिता, ज्ञानदा गाडीत मागच्या सीटवर झोपली आणि उठेचना! गालावर चापट्या मारल्या, पाणी मारलं... अंग बर्फासारखं गार. मी थेट हॉस्पिटलला निघाले होते. आत्ता, आत्ता डोळे उघडले तिने!"

डॉक्टरांनी तपासलं. काही निघालं नाही. एसीमुळे झालं असेल, दमली असेल, पाणी कमी प्यायली असेल, असं म्हणाले. डॉक्टरांना तरी दुसरं काय म्हणता येणार? फक्त तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. नर्सने ती परत परत बघितली आणि कुठल्या थंड देशातून आलात का, असं विचारलं.

संध्याकाळी घरी आणल्यावर अस्मिताने तिला कुशीत घेतलं. पांघरूण घातलं. ज्ञानदा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"व्हाय डिड यू टेल हिम, आई?"

अस्मिताचे हात जागच्या जागी थांबले.

"ही वॉज सो हॅपी," ज्ञानदा म्हणाली. "तू सांगितलंस, मग तो रडायला लागला. मग त्याने ती साखळी ओढली."

"मग?"

"मला खाली सोडायला बाबापण उतरला. आणि गाडी निघून गेली."

थोड्या वेळाने ती मराठीत म्हणाली, "तिथे स्टेशन नव्हतं, आई. काहीच नव्हतं."

यूसुफने रविवारी लाईन बंद केली. आठवड्याने मायलेकी लातूरला गेल्या. ज्ञानदा आता बरी आहे, शाळेत जाते. तो विषय तिने पुन्हा काढलेला नाही, आणि विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती होत नाही.

अस्मिता शुक्रवारी दुपारी मला फोन करते. इकडचं तिकडचं बोलते. आणि ठेवता ठेवता दर वेळी एकच विचारते.

"त्याच्या अंगात स्वेटर होता का नव्हता, मला आठवतच नाही गं. थंडी वाजत असेल का त्याला?"

इथे बाहेर ऊन रणरणत असतं, माझ्या कपाळावरून घाम निथळत असतो. मी फोन कानाला लावून उभी राहते.