रतनबाईसाठी केलेली प्रार्थना

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. पाथर्डीच्या पुढे डोंगराखाली आमची ख्रिस्ती वस्ती. दुष्काळानं विहिरीत नुसता गाळ उरलेला, आणि त्यातच पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली.

माझी रतनआत्या बायबलबाई होती. घरोघर जाऊन वचन वाचून दाखवणं हे तिचं काम. पण त्या उन्हाळ्यात ती अख्ख्या गावातल्या आजाऱ्यांना पाणी पाजत होती, त्यांची घाण काढत होती. कुणाची जात विचारली नाही, की स्वतःच्या जेवणाची वेळ पाहिली नाही.

"रतनबाई दारात दिसली की मरण मागच्या दारानं पळतंय," असं लोक गमतीनं म्हणत.

मग तीच पडली.

वस्तीनं उपास धरला. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एक उठला की दुसरा गुडघ्यावर बसायचा. प्रार्थना तुटू द्यायची नाही.

मागणं एकच... "प्रभू, रतनबाईला आमच्यातून नेऊ नको."

आत्यानं माझ्या वडिलांचा हात धरला.

"आसाराम, पुरं कर. मी लई दमले रे. मला बापाच्या घरी जाऊ दे."

"आक्का, तू गेल्यावर आमाला कोन हाय?" असं म्हणून वडील पुन्हा देवळात गेले.

दुपारी आत्या गेली. दिवस मावळायच्या आत तिला पुरलं.

दिवेलागणीला शेजारची झुंबरबाई धावत आली. तिचा नवरा आजारी होता.

"आसाराम, मालकाला कुनीतरी पानी पाजलंय! घरात थेंब न्हवता... मी तर नदीतल्या झिऱ्यावर पानी भराया गेल्ते."

वडील उठले. मीही मागोमाग गेले.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

आजाऱ्याचे ओठ ओले होते. कपाळावर ओला फडका...

आणि कोपऱ्यातून धाप लागल्याचा आवाज येत होता. दमलेल्या बाईचा.

वडील कोपऱ्याकडं वळले. "आक्का... तू गेली न्हाईस?"

आवाज थांबला.

मग पावलं उंबरा ओलांडून पुढच्या घराकडं गेली. ओढत... ओढत...

त्या घरातही आजारी होतं.

झुंबरबाईचा नवरा काही वाचला नाही. मला भीती नंतर वाटली. आधी देवाचा राग आला. जन्मभर राबलेल्या बाईला मेल्यावरही सुट्टी नाही?

रविवारी सगळी वस्ती पुन्हा गुडघ्यावर बसली. "प्रभू, आमचं चुकलं. आता तिला ने."

वडील मरेपर्यंत हेच मागत राहिले. पण ज्या घरात आजारी असेल तिथं ती पावलं अजून येतात... आता तर जास्तच ओढत.

हल्ली माझं दुखणं वाढलंय. चार माणसं घेऊन पाळक घरी येतो म्हणतात.

मी सुनेला बजावून ठेवलंय. त्यांना चहा दे, आणि दारातूनच सलाम करून परत पाठव.

माझ्यासाठी कुणी प्रार्थना करायची नाही.