बेरीज अकरा

रोज सकाळी मी पहिलं स्वतःचं रक्त तपासतो. मशीन ताळ्यावर आहे की नाही ते लगेच कळतं. सहा वर्षं माझं पोटॅशियम चार पॉइंट दोनच्या आगेमागे असतं. लॅबमधले सगळे मला 'चार-दोन' म्हणूनच हाक मारतात.

ताई वरच्या मजल्यावर आयसीयूत होती. पायाच्या जखमेतले जंतू रक्तात गेले होते.

"सेप्टिक शॉक," डॉक्टर म्हणाले. "स्नायूंच्या पेशींना स्वतःची राखण जमत नाहीये. मीठ-पाणी आत शिरतंय, आतलं पोटॅशियम बाहेर रक्तात येतंय. आणखी चढलं तर हृदय थांबेल."

मला हे पाठ होतं, तरी ऐकून घेतलं. ताईचं सहा-आठ आलं होतं.

आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझ्या ताटातलं उचलून खायची तिची खोड मात्र कधी गेली नाही. काचेपलीकडून तिच्याकडे बघत मी पुटपुटलो, "घे माझ्यातलं, काय हवं ते घे."

दुसऱ्या दिवशी ताईचं सहा. माझं पाच. मी दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं. तेच आकडे.

तिसऱ्या दिवशी तिचं पाच, माझं सहा. बेरीज पुन्हा अकरा. जिना चढताना मांड्या पिठाच्या पोत्यांसारख्या जड झाल्या. मी घाबरलो. कुणाला न सांगता पोटॅशियम उतरवायचं औषध घेतलं. दुपारी माझं साडेपाच आलं.

तेवढ्यात नर्स धावत आली. "ताईंचं आधी लावा, ठोके बिघडलेत."

तिचंही साडेपाच.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी औषध खणात टाकलं आणि कुलूप लावलं.

आज सकाळी ताईचं चार-दोन आलं. माझं सहा-आठ.

खुर्चीत बसलो तो बसलोच. पाय उचलेनात. मला जगायचं होतं. खिशातून किल्ली काढायलाच किती वेळ लागला.

नर्स आली. चार दिवसांत पहिल्यांदाच ती हसत होती.

"ताई शुद्धीवर आल्या. बोलल्यासुद्धा."

"काय म्हणाली?"

"तुम्हालाच निरोप आहे. 'त्याला म्हणावं, खणाचं कुलूप उघडू नकोस.' कसला खण हो?"

मी खणाकडे पाहिलं.

किल्ली मुठीत होती. मूठ उघडत नव्हती.